न दाखवलेला प्रसंग : अलीकडचे काही गंभीर आणि परदेशी चित्रपट

दुपारचा खेळ (धागाकर्ता)

गेल्या दोन-तीन वर्षांतले जे गंभीर चित्रपट मनातून जात नाहीत त्यांची यादी करायला बसलो, तेव्हा असे दिसले की त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या कथेतला मुख्य प्रसंग पडद्यावर आणलेलाच नाही. जोनाथन ग्लेझरच्या 'द झोन ऑफ इंटरेस्ट'मध्ये (२०२३) आउश्वित्झ छळछावणीच्या भिंतीला लागून असलेले तिथल्या प्रमुखाचे घर दिसते, बायकोने हौसेने फुलवलेली बाग दिसते, मुले पाण्यात डुंबताना दिसतात. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते एकदाही दिसत नाही. जस्टिन त्रिएच्या 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल'मध्ये (२०२३) नवरा वरून पडला, ढकलला गेला की त्याने स्वतःच उडी घेतली, हे अडीच तासांनंतरही ठामपणे कळत नाही. वॉल्टर सालेस यांच्या 'आय एम स्टिल हिअर' (२०२४) या ब्राझिली चित्रपटात रूबेन्स पायव्हा या माजी खासदाराला लष्करी राजवटीची माणसे १९७१ साली राहत्या घरातून घेऊन जातात. पुढे त्याचे काय केले ते आपल्याला दाखवले जात नाही, आपण त्याची पत्नी युनिस हिच्याबरोबर मागेच राहतो. आणि अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरच्या नोलनच्या 'ओपेनहायमर'मध्ये (२०२३) हिरोशिमा नाही.

माझे मत असे की पहिल्या तीन चित्रपटांनी जे काढून घेतले त्याच्या जागी दुसरे काही तरी तोलामोलाचे ठेवले आहे. ग्लेझरने ध्वनी ठेवला. गोळीचा आवाज, कुत्र्यांचे भुंकणे, भट्ट्यांची सततची घरघर, आणि या सगळ्यावर एका तान्ह्या बाळाचे रडणे. त्रिएने शंका ठेवली. सालेस यांनी घर ठेवले. सुरुवातीला आपण त्या घरात इतके रमतो, समुद्रावरून वाळूचे पाय घेऊन आत-बाहेर करणारी मुले, गाणी, पाहुणे, की पुढे खिडक्यांचे पडदे ओढले जातात तेव्हा वेगळे काही दाखवण्याची गरजच उरत नाही. 'ओपेनहायमर'ने मात्र ती जागा रिकामी सोडली आणि तिथे चौकशी समितीची बैठक मांडली. ही मला सरळसरळ पळवाट वाटते.

तेव्हा प्रश्न असा आहे : न दाखवणे हे दिग्दर्शकाचे धैर्य केव्हा ठरते आणि अंग काढून घेणे केव्हा? उदाहरणे देऊन लिहावे ही विनंती. स्पॉयलर येणारच आहेत, त्यामुळे ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी जपून वाचावे.

कडक भाकरी

मोठ्या दिग्दर्शकाने दाखवले नाही तर ती कला, आमच्या केबलवाल्याने दाखवले नाही तर ती पळवाट.

(चारही पाहिले आहेत. 'अ‍ॅनाटॉमी'मध्ये सर्वांत उत्तम अभिनय कुत्र्याचा आहे, या मतावर मी ठाम आहे.)

नीलांबरी

भाकरी, तुमचे मत कान महोत्सवातही मान्य झाले आहे. तिथे चित्रपटांतल्या कुत्र्यांसाठी 'पाम डॉग' नावाचा वेगळा पुरस्कार असतो आणि २०२३ मध्ये तो याच कुत्र्याला मिळाला.

आता मुद्द्याकडे. 'ओपेनहायमर'बद्दल मी धागाकर्त्यांशी असहमत आहे. त्या चित्रपटाचा रंगीत भाग ओपेनहायमरच्या दृष्टीतून आणि कृष्णधवल भाग मुख्यतः त्याचा विरोधक स्ट्रॉस याच्या बाजूने रचलेला आहे. बॉम्ब पडला तेव्हा ओपेनहायमर हिरोशिमात नव्हता. त्याला ती बातमी इतरांसारखीच कळली. मग कॅमेऱ्याने त्याला सोडून जपानला का जावे? शिवाय जागा रिकामी आहे असे तुम्ही म्हणता, तेही मला पटत नाही. विजयाच्या भाषणाचा प्रसंग आठवा. समोरचे लोक जल्लोष करत आहेत आणि त्याला तो जल्लोष ऐकूच येत नाही. एका तरुणीच्या चेहऱ्यावरची त्वचा सोलून निघताना दिसते, पाय कोळसा झालेल्या देहात रुततो. पुढे हिरोशिमाची छायाचित्रे दाखवली जातात तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि तो मान खाली घालतो. तो पाहू शकला नाही, हेच तर दिग्दर्शकाला सांगायचे आहे. आपणही पाहिले नाही याची टोचणी प्रेक्षकाला लागावी, ही त्यामागची योजना आहे.

सात रस्ता

प्रश्न चांगला आहे, परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे, तो म्हणजे हे चित्रपट आपण पाहतो कुठे. 'झोन ऑफ इंटरेस्ट' मी प्रथम मोबाइलवर पाहिला आणि एका जर्मन कुटुंबाच्या बागकामावरचा कंटाळवाणा चित्रपट, एवढेच माझे मत झाले. काही महिन्यांनी मित्राच्या घरी चांगल्या स्पीकरवर, दिवे घालवून पाहिला आणि मध्येच उठून बाहेर जावेसे वाटले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाबरोबर ध्वनीसाठीही ऑस्कर मिळाले, ते का, हे त्या दिवशी समजले. न दाखवलेले ऐकायचे असेल तर ते ऐकू येईल अशी जागा हवी, आणि अशी जागा सोलापुरात या चित्रपटांच्या वाट्याला फारशी येत नाही. आल्यास सकाळचा एखादा खेळ लागतो आणि प्रेक्षक कमी म्हणून शुक्रवारी आलेला चित्रपट सोमवारी उतरतो.

मी आता वर्षातून एकदा रजा काढून पुण्याचा चित्रपट महोत्सव गाठतो. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने गेले की दोन चित्रपट पाहून संध्याकाळी त्याच गाडीने परतता येते. बहुतेक वर्षी तो जानेवारीत असतो, म्हणजे नेमका आपल्या गड्ड्याच्या, सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत. त्यामुळे 'यात्रा सोडून कसली यात्रा करतोस' हे घरी दरवर्षी ऐकून घ्यावे लागते.

कडक भाकरी

सात रस्ता यांना अनुमोदन. गड्ड्यावर निदान पाळण्याचा आवाज सगळ्यांना सारखा ऐकू येतो.

विणकर

मी पूर्व भागातला. घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी, त्यामुळे परभाषेतला चित्रपट म्हणजे काही तरी विशेष, ही भावना आमच्याकडे कधी नव्हती. 'अशा' चित्रपटांना इथे प्रेक्षक नाही, हे वाक्य मी फार ऐकले आहे आणि ते मला मान्य नाही. तेलुगू चित्रपटाचा पहिल्या दिवशीचा पहिला खेळ भरवणारा प्रेक्षक मुळात चित्रपटावर जीव टाकणारा प्रेक्षक आहे. त्याच्यापुढे दुसरे काही सातत्याने ठेवून पाहिले आहे का कोणी?

न दाखवण्याबद्दल मला पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'विषयी (२०२४) लिहायचे आहे. कानमध्ये 'ग्राँ प्री' मिळाल्यामुळे त्याची चर्चा केरळच्या दोन परिचारिकांभोवती अधिक झाली. मला मात्र त्यातली पार्वती अधिक जवळची वाटली, जी भूमिका छाया कदम यांनी केली आहे. रुग्णालयात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा. बिल्डरला तिची खोली पाडायची आहे आणि आपण इथे राहत होतो हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्याकडे नाही, कारण नवऱ्याने कागदपत्रांबद्दल तिला कधी काही सांगितलेच नाही. माझे वडील इथल्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आमच्या घरात जी पत्र्याची पेटी उघडली गेली, तिच्यात काय होते आणि काय नव्हते यावर पुढची कित्येक वर्षे बोलणे झाले. त्यामुळे पार्वती पिशव्या उपसून कागद शोधते तो छोटासा प्रसंग मला त्या चित्रपटाचा कणा वाटतो.

आता पाहा, तिची खोली पाडतानाचे दृश्य चित्रपटात नाही. बुलडोझर नाही, धूळ नाही, आक्रोश नाही. ती आणि परिचारिकांपैकी एक, प्रभा, रात्री बिल्डरच्या फलकावर दगड मारतात आणि मग पार्वती सामान बांधून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते. दुसऱ्या कोणी हाच चित्रपट केला असता तर पाडापाडीवर दहा मिनिटे घालवली असती. कपाडिया यांनी ती घालवली नाहीत, कारण पार्वतीचे घर खोली पडण्याच्या फार आधी, कागद सापडला नाही त्या दिवशीच गेलेले आहे. धागाकर्त्यांच्या भाषेत सांगायचे तर पाडकामाच्या जागी कागद ठेवला आहे.

जाता जाता : जर्मनीतून नवऱ्याने पाठवलेला भात शिजवायचा कुकर प्रभा रात्री पोटाशी धरून बसते, तो प्रसंग माझ्या आईने पाहिला. तिला मल्याळम येत नाही आणि खालच्या ओळी वाचण्याइतकी तिची नजर राहिलेली नाही. जन्मभर विड्या वळलेली बाई आहे ती. प्रसंग संपल्यावर ती फक्त म्हणाली, "पत्र नाही पाठवलं का गं त्यानं?" चित्रपट समजायला याहून अधिक काय लागते, मला माहीत नाही.

नीलांबरी

विणकर, सुंदर प्रतिसाद. हाच चित्रपट त्या वर्षी भारतातर्फे ऑस्करला गेला नाही, 'लापता लेडीज' गेला, आणि त्यावर बराच वाद झाला. तो वाद इथे उकरून काढू नये, अशी सर्वांना आगाऊ विनंती.

एक प्रेक्षक

आपण परदेशी उदाहरणे देत आहोत, परंतु ही युक्ती आपल्या जिल्ह्याने २०१६ सालीच सगळ्या महाराष्ट्राला दाखवली आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी 'सैराट'च्या शेवटी खून दाखवला नाही. माहेरची माणसे घरात येतात, चहा होतो, आणि पुढे आपण शेजारणीकडून परत येणाऱ्या लहान मुलाबरोबर दारातून आत जातो. ध्वनी पूर्ण बंद. मूल रडते आहे आणि ते रडणे ऐकू येत नाही. ज्या चित्रपटाने अर्ध्या वेळापर्यंत लोकांना खुर्च्यांवरून उठवून नाचवले होते, त्याच चित्रपटाने त्याच लोकांना अशा शांततेत बाहेर पाठवले. ग्लेझरने प्रतिमा काढून ध्वनी ठेवला, मंजुळे यांनी ध्वनी काढून प्रतिमा ठेवली. माझ्या मते दुसरे अधिक अवघड आहे, कारण आपल्या चित्रपटगृहात शांतता मिळवणे ही सोपी गोष्ट नव्हे.

सात रस्ता

तुलना आकर्षक आहे, पण ती पूर्ण बसत नाही. 'सैराट'मध्ये मारणे दाखवलेले नाही हे खरे, परंतु रक्ताच्या थारोळ्यातले दोन्ही देह स्पष्ट दाखवले आहेत, आणि मुलाच्या पावलांचे रक्ताचे ठसेही. म्हणजे परिणाम संपूर्ण दाखवला आहे, फक्त क्रिया झाकली आहे. ग्लेझर परिणामही दाखवत नाही. अगदी शेवटी आजच्या संग्रहालयात काचेपलीकडचा चपलाबुटांचा ढीग आणि काचा पुसणाऱ्या स्त्रिया दिसतात, तेवढेच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे हेतूही वेगळे आहेत. मंजुळे यांना प्रेक्षकाला हे घडले हे नाकारू द्यायचे नव्हते. ग्लेझरला प्रेक्षकाला, आपणही भिंतीच्या अलीकडेच राहतो, हे जाणवून द्यायचे होते.

एक प्रेक्षक

हेतूंतला फरक मान्य. अवघडपणाबद्दलचे मत कायम.

वकीलवाडा

न्यायालयात वावरणारा म्हणून 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ फॉल'बद्दल लिहितो. फ्रान्समधले न्यायालय आपल्याहून फारच मोकळे दिसते. सरकारी वकील आरोपी असलेल्या लेखिका पत्नीच्या कादंबरीतला उतारा वाचून तो तिच्याविरुद्ध वापरू पाहतो. आमच्याकडे कोणी असे करू लागला तर समोरचा वकील पहिल्याच वाक्याला उभा राहील (तिथेही राहतो, हे सांगायला हवे). परंतु चित्रपटाचे मर्म एका ध्वनिफितीत आहे. नवऱ्याने गुपचूप मुद्रित केलेले पती-पत्नीचे भांडण न्यायालयात ऐकवले जाते आणि दिग्दर्शिका आपल्याला ते भांडण प्रत्यक्ष दाखवू लागते. आपण खुर्चीत पुढे सरकतो. आणि नेमकी मारहाण सुरू होण्याच्या क्षणी ती आपल्याला पुन्हा न्यायालयात आणते. तिथून पुढे फक्त आवाज, कोणी कोणाला मारले ते कळत नाही. पुराव्याचे असेच असते. पुरावा जिथे संपतो तिथून पुढचे चित्र प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे रंगवतो, आणि न्यायाधीश त्याला अपवाद नसतात.

त्यातला दृष्टी अधू असलेला मुलगा शेवटी साक्ष देतो. ती साक्ष खरी की त्याने ठरवून घेतलेली, यावर आमच्या बार रूममध्ये दोन तट पडले होते. मी दुसऱ्या तटात आहे. देखरेखीला ठेवलेली बाई त्याला आधी सांगते की खात्री करून घेणे शक्य नसेल तेव्हा माणसाला कोणत्या तरी बाजूने ठरवावे लागते; त्यानंतरच तो साक्षीला उभा राहतो.

आणि न्यायालयाचाच विषय निघाला आहे म्हणून : चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) सुट्ट्यांपूर्वी न्यायालयातले दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. आमच्यातल्या कित्येकांना चित्रपट संपला असे वाटले होते. तो संपत नाही, न्यायाधीश सहलीला जातात. खटल्याचा निकाल न दाखवता खटल्याविषयी इतके बोलणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

कडक भाकरी

वकीलसाहेब, बार रूममध्ये कुत्र्याविषयी काय मत पडले?

वकीलवाडा

तो विश्वासार्ह साक्षीदार आहे, यावर दोन्ही तटांचे एकमत झाले.

माळढोक

मला धाग्याच्या मूळ गृहीतकाबद्दलच शंका आहे. न दाखवणे ही निवड असते असे आपण धरून चाललो आहोत. इराणी दिग्दर्शकांचे काय? मोहम्मद रसूलोफ यांचा 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' (२०२४) गुपचूप चित्रित झाला, म्हणूनच तो बराचसा एका घरात घडतो. पुढे आठ वर्षांची शिक्षा झाल्यावर त्यांनी डोंगर ओलांडून देश सोडला. पण त्याच चित्रपटात २०२२ च्या आंदोलनाची, लोकांनी मोबाइलवर घेतलेली खरी दृश्ये सरळ जोडलेली आहेत. तिथे रक्त आहे, लाठ्या आहेत, सगळे आहे. जिथे सत्ताच झाकत असते, तिथे झाकणारा दिग्दर्शक कितीही कलात्मक असला तरी सत्तेचेच काम करील. तिथे दाखवणे हेच धैर्य. म्हणून या प्रश्नाचे एकच एक उत्तर निघणार नाही, देशागणिक वेगळे निघेल.

जाफर पनाही यांचा 'इट वॉज जस्ट अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट' (२०२५), ज्याला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो या दोन्हींच्या मध्ये आहे. एका मेकॅनिकला कृत्रिम पायाची करकर ऐकू येते आणि तुरुंगात आपला छळ करणारा तो हाच, असे त्याला वाटते. इतर जुन्या कैद्यांनाही तो खात्री करायला बोलावतो, परंतु डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे कोणीच त्या माणसाचा चेहरा नीट पाहिलेला नाही. छळ पडद्यावर नाही. तो पात्रांनीही 'पाहिलेला' नाही, फक्त सोसलेला आणि ऐकलेला आहे. इथे कॅमेऱ्याने भूतकाळात जाऊन छळ दाखवला असता तर प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अधिक माहिती झाली असती आणि चित्रपट कोसळला असता.

जुळे सोलापूरकर

'परफेक्ट डेज'चा (२०२३) उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? विम वेंडर्स यांचा, टोकियोतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची सफाई करणाऱ्या माणसावरचा. त्याचा भूतकाळ पूर्ण झाकलेला आहे. बहीण मोटारीतून येते, वडिलांविषयी दोन वाक्ये होतात, तो रडतो, बस्स. मला अतिशय आवडला. कोजी याकुशो यांचा शेवटचा दीर्घ क्लोज-अप तर केवळ अभिनयासाठी पुन्हा पाहण्यासारखा.

माळढोक

मला तो पळवाटीचा उत्तम नमुना वाटतो. ज्या स्वच्छतागृहांत तो काम करतो ती नामवंत वास्तुरचनाकारांनी शिबुया भागात उभारलेली आहेत आणि चित्रपटाची कल्पनाच त्या प्रकल्पातून निघाली आहे. त्यामुळे सफाई आहे, पण घाण नाही. इथे भूतकाळ झाकला हे मी समजू शकतो. परंतु कामाचा विषय सफाई असताना घाणच झाकली, तर त्या माणसाच्या समाधानाला किंमत कसली? आपल्याकडे हे काम कोण करतो आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणाला करावे लागले, हे ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकाने तरी त्या समाधानावर भाळू नये.

जुळे सोलापूरकर

आक्षेप कठोर आहे, तरी उत्तर देतो. तो माणूस श्रीमंत घर सोडून आलेला आहे, हे बहिणीच्या मोटारीवरून आणि चालकावरून सुचवले आहे. म्हणजे त्याने हे काम निवडले आहे, आणि निवडणे व वाट्याला येणे यांतला फरक वेंडर्स यांना ठाऊक आहे. घाणीबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

दुपारचा खेळ

एवढी चर्चा होईल असे वाटले नव्हते. पनाहींबद्दल वाचल्यावर एक कसोटी सुचते ती मांडतो : कथेतल्या माणसांना जे दिसले नाही ते आपल्यालाही दाखवले नाही, तर दिग्दर्शक त्यांच्याशी प्रामाणिक आहे. युनिसला नवऱ्याचे काय झाले ते कळू दिले गेले नाही. पनाहींच्या कैद्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. 'अ‍ॅनाटॉमी'तल्या मुलाने काहीच पाहिले नव्हते. 'झोन ऑफ इंटरेस्ट'मधली माणसे पाहू शकत होती आणि पाहत नव्हती. त्या घरी राहायला आलेली बायकोची आई आठवा. जिच्याकडे आपण साफसफाई करत होतो ती ज्यू बाई आता भिंतीपलीकडे असेल का, असे ती सहज बोलून जाते आणि तिचे पडदे लिलावात आपल्याला मिळाले नाहीत याची हळहळ करते. रात्री धुराड्यांचा लाल उजेड खिडकीवर पडतो, आणि सकाळी ती कोणालाही न सांगता निघून गेलेली असते. त्या घरात पाहणारी तेवढी एकच.

नीलांबरी, याच कसोटीवर 'ओपेनहायमर' माझ्या मते अजूनही उतरत नाही. हिरोशिमा त्याने पाहिले नाही म्हणून दाखवले नाही, हे मान्य केले तरी ट्रिनिटीचा चाचणीस्फोट त्याने पाहिला म्हणून तो किती थाटात दाखवला आहे! उलटी गणती, काळ्या काचा, प्रकाश, मग उशिरा आलेला आवाज. स्फोटाचे सौंदर्य आपल्याला मिळाले आणि किंमत छायाचित्रांबरोबर पडद्याबाहेर राहिली.

नीलांबरी

ट्रिनिटीबद्दलचा मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर मी विचार करीन. परंतु तुमच्या लाडक्या 'आय एम स्टिल हिअर'लाही तीच कसोटी लावा. शेवटी कथा आधी १९९६ मध्ये जाते, जिथे युनिसला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मिळतो, आणि मग २०१४ मध्ये, जिथे तिची स्मृती गेलेली आहे. मृत्यूच्या दाखल्यापर्यंतचा भाग मला आवश्यक वाटतो. सरकारी कागद हातात घेऊन एखादी बाई हसते, हे विणकरांनी सांगितलेल्या पार्वतीच्या अगदी उलट टोक आहे. पण २०१४ चा भाग? तिथे आधीची युनिस करणाऱ्या फर्नांडा तोरेस यांच्या आई फर्नांडा मोंतेनेग्रो यांनी वृद्ध युनिस केली आहे आणि दूरचित्रवाणीवर नवऱ्याचे छायाचित्र दिसताच त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटते. अभिनय थोर आहे. तरीही तिथे दिग्दर्शकाचा संयम सुटला, असे मला वाटते. तोवर त्याने आपल्यावर सोपवलेली गोष्ट त्याने स्वतःच पूर्ण करून दिली.

विणकर

नीलांबरीताई, इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने. तो भाग नसता तर चित्रपट कागद मिळाल्यावर संपला असता, म्हणजे सरकारने दाखला दिला आणि प्रकरण मिटले असा अर्थ झाला असता. मिटलेले नाही, हे सांगायला ती म्हातारी हवीच होती.

सात रस्ता

या महिन्यात माझ्याकडे 'झोन ऑफ इंटरेस्ट' पुन्हा लावणार आहे. स्पीकर मित्राचे आणतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा. जागा दहा जणांची आहे आणि कडक भाकरी यांनी चित्रपट चालू असताना कागदाची पिशवी उघडायची नाही, ही अट आहे.

कडक भाकरी

अट मान्य. शेंगा आधीच सोलून आणीन.